वाकळीत गुंडाळलेला कुकर



गेले दोन आठवडे इथे चुली, शेगड्या, स्टोव्ह आणि बंब यांच्या आठवणी चालल्यात. कुणी भुशाच्या शेगडीवर लिहिलं, कुणी वातीच्या स्टोव्हवर. वाचून मलाही खुमखुमी आली. माझी गोष्ट मात्र जरा आडवळणाची आहे. ती १९७३ साली निपाणीत सुरू होते आणि पन्नास वर्षांनी इंग्लंडमधल्या एका कालव्यावर, होडीतल्या स्वयंपाकघरात जाऊन पोचते. लांबलंय, चहा घेऊनच बसा.

बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि पहिलंच पोस्टिंग निपाणीला मिळालं. घर बेळगावात, अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, पण त्या वेळच्या एस.टी.नं रोज ये-जा करणं शक्य नव्हतं. एका गल्लीत मागच्या अंगणातली दहा बाय दहाची खोली भाड्यानं घेतली. निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव. हंगामात वाऱ्यावर असा वास यायचा की नवा माणूस पहिले आठ दिवस नुसता शिंकत असे. मीही शिंकलो.

दुपारचं जेवण खाणावळीत व्हायचं. रात्री खाणावळ लवकर बंद, आणि बँकेत क्लोजिंग असलं की आम्ही नऊशिवाय सुटायचो नाही. म्हणून बाजारातून इलेक्ट्रिक शेगडी आणली. तुमच्यापैकी साठीच्या पुढच्यांनी ती नक्की वापरली असणार. पांढऱ्या चिनी मातीची तबकडी, तिच्या खाचेत बसवलेली स्प्रिंगसारखी कॉइल, खाली पत्र्याचे तीन पाय. हजार वॅटची. खोलीत पॉवरचा प्लग नव्हता, एक बल्ब होता फक्त. मग बल्बच्या होल्डरमध्ये अडॅप्टर लावून त्यातून वायर खाली घेतली. आज हे लिहिताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा निम्मी बॅचलर मंडळी हेच करत होती. पायाखाली लाकडी पाट घ्यायचा, पातेल्यात डाव घालण्याआधी बटण बंद करायचं, एवढी काय ती आमची सेफ्टी.

या शेगडीची एक खोड होती. कॉइल मध्येच तुटायची. नवी कॉइल आणायला पैसे आणि वेळ दोन्ही लागत, म्हणून तुटलेली दोन टोकं एकमेकांत अडकवायची आणि चालू करायची. दर खेपेला कॉइल थोडी आखूड होई. आखूड कॉइल जास्त लाल होते, भात लवकर शिजतो, म्हणून मी खूश. कॉमर्सवाल्याला कोण सांगणार की तार आखूड झाली म्हणजे तिचा अडथळा कमी झाला, म्हणजे करंट जास्त ओढला जाणार, आणि घरमालकाचा लाईटचा फ्यूज काही तेवढ्यासाठी बसवलेला नाही!

व्हायचं ते एका संध्याकाळी झालं. मालकांच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. मला त्याचा पत्ता नव्हता. मी बँकेतून आलो, खिचडी चढवली, बटण दाबलं. दोन मिनिटांत फटकन आवाज आला आणि सगळं घर अंधारात. पुढच्या सोप्यावरून मालकांचा आवाज आला, "ह्यो बँकवाला!" मी खिचडीचं पातेलं हातात धरून अंधारात तसाच उभा.

तासाभरानं काकू कंदील घेऊन आल्या. आता खोली सोडायला सांगणार असं धरून चाललो होतो. त्यांच्या दुसऱ्या हातात ताट होतं, जोंधळ्याची भाकरी आणि झुणका. म्हणाल्या, "सायेब, जेवलासा काय?" मी मान खाली घालून बसलो. पाहुण्यांनी कंदिलाच्या उजेडात मुलगी बघितली आणि पसंत केली. पुढे काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आमच्या पोरीचं लगीन सायबांच्या शेगडीनं जमवलं. मालकांनी मात्र करार केला: शेगडी रात्री नऊनंतरच लावायची, कॉइल जोडायची नाही, आणि महिन्याला चार रुपये जादा.

नंतर बदल्या झाल्या, लग्न झालं. गॅसचा नंबर लागायला तेव्हा वर्षं लागत. नंबर लागला तरी सिलिंडर एकच, तो संपला की दुसरा कधी येईल याचा भरवसा नाही. बेळगावात बिऱ्हाड केल्यावर आमच्या हिनं एक पद्धत काढली. तूरडाळ तासभर भिजवायची, कुकरला एकच शिट्टी काढायची, गॅस बंद करायचा आणि सबंध कुकर जुन्या वाकळीत गुंडाळून लाकडी खोक्यात ठेवायचा. पाऊण तासानं उघडला की डाळ लोण्यासारखी. मी थट्टा करायचो, "कुकरला थंडी वाजतेय होय?" ती म्हणायची, "तुमच्या बँकेत पैसे झोपून वाढतात, माझी डाळ झोपून शिजते."

आता इंग्लंडकडे वळतो. इथून पुढचं लिहायला मला जरा जड जातंय, पण सुरुवात केलीच आहे.

आमचा एकुलता एक मुलगा इंजिनिअर होऊन २०१० मध्ये तिकडे गेला. लग्न झालं, ते टिकलं नाही. त्यात कुणाची चूक वगैरे मी लिहिणार नाही. २०१९ च्या दिवाळीत त्यानं फोनवर सांगितलं, "बाबा, मी एक जुनी होडी घेतलीय. आता तिच्यातच राहणार." मला वाटलं चेष्टा करतोय. ती चेष्टा नव्हती. मी बोलून गेलो, "नावाडी व्हायला तुला शिकवलं होतं का?"

त्यानंतर आठ महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्याचा फोन हिच्याकडे यायचा. मी हॉलमध्ये पेपर वाचत असल्याचं दाखवायचो आणि कान तिकडे लावून बसायचो. नातेवाईक आणि टिळकवाडीतली आमची फिरायला जाणारी मंडळी विचारत, मुलानं घर घेतलं का? मी सांगायचो, "घेतलं की. पाण्याकाठी आहे, छान आहे." बँकेत छत्तीस वर्षं काढली, खोटी एंट्री कधी केली नाही. ही मात्र केली.

२०२१ च्या मे महिन्यात ही गेली. ते दिवस कसे होते तुम्हाला ठाऊक आहे. त्याला येता आलं नाही. सगळं त्यानं फोनच्या पडद्यावर पाहिलं. त्या दिवशी त्याच्यामागे गोल काचेची एक लहानशी खिडकी दिसत होती, तेवढंच माझ्या लक्षात राहिलं.

दोन वर्षांनी, २०२३ च्या मे महिन्यात, मी तिकडे गेलो. बॅगेत जोंधळ्याचं पीठ, शेंगाचटणी, कुंदा, लोखंडी तवा आणि आमचा जुना अॅल्युमिनियमचा कुकर.

होडी केनेट अँड एव्हन नावाच्या कालव्यावर, ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गावाजवळ बांधलेली होती. रेडिंगपासून ब्रिस्टलपर्यंत सत्त्याऐंशी मैलांचा हा जलमार्ग. १८१० मध्ये पूर्ण झाला, कोळसा आणि माल वाहायचा. रेल्वे आल्यावर मोडकळीला आला, आणि लोकांनी नेटानं दुरुस्त करून १९९० मध्ये पुन्हा सुरू केला. एके ठिकाणी तर खाली एव्हन नदी वाहते आणि वरून दगडी पुलावरून कालवा जातो. आपण घटप्रभेचे कालवे पाहिलेली माणसं, पण पुलावरून होडी जाताना पाहून मी लहान मुलासारखा कठड्याशी उभा राहिलो. मुलाकडे फिरतं लायसन होतं. कायमची जागा नाही, चौदा दिवसांच्या आत होडी पुढे हलवायची. म्हणजे पत्ता दर पंधरवड्याला नवा. माझ्यासारख्या केवायसीच्या माणसाला हे पचायला वेळ लागला.

होडी पोलादी, लांबी सत्तावन्न फूट, रुंदी सहा फूट दहा इंच. इंग्लंडमधल्या बऱ्याच जुन्या कालव्यांवरच्या लॉकची, म्हणजे पाण्याच्या दरवाजांची, मापं अरुंद, म्हणून होड्याही अशा आगगाडीच्या डब्यासारख्या. आत दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. मध्यावर स्वयंपाकघर. एका बाजूला बेसिन आणि ओटा, त्यावर एक इंडक्शन, एक छोटी किटली, एक राईस कुकर. ओट्याच्या कडेला बोटभर उंचीची लाकडी पट्टी, शेजारून दुसरी होडी गेली की आपली हलते तेव्हा भांडी घसरू नयेत म्हणून. गॅस नाही.

"गॅस का नाही?" हा माझा पहिला प्रश्न. मुलगा म्हणाला, "बाबा, गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळती झाली तर दाराखालून बाहेर जायला वाट असते. होडी म्हणजे एक बंद वाटी. गळलेला गॅस तळाला साचून राहतो. बऱ्याच होड्यांत गॅस असतो, सिलिंडर वेगळ्या कप्प्यात ठेवतात, पण मला नको वाटलं." थंडीत कोळशाची लोखंडी शेगडी पेटलेलीच असते, तिच्या डोक्यावर तो कालवण ठेवतो. उन्हाळ्यात सगळं विजेवर.

वीज कुठून येते? छतावर सौर पट्ट्या, पलंगाखाली बॅटरी. बारा व्होल्टची, चारशे अँपिअर-अवरची. म्हणजे पूर्ण भरली की साधारण पावणेपाच युनिट. उन्हाळ्यातल्या चांगल्या दिवशी पट्ट्या अडीच-तीन युनिट देतात, डिसेंबरात त्याच्या दहावा हिस्साही मिळत नाही. तेव्हा इंजिन चालवून बॅटरी भरायची, आणि बांधलेल्या होडीचं इंजिन रात्री आठ ते सकाळी आठ लावायचं नाही, शेजाऱ्यांची झोपमोड होते. रात्री नऊनंतरच शेगडी लावायला सांगणारे निपाणीचे मालक मला आठवले. वेळ तेवढी उलटी.

पहिल्याच रात्री मी घोळ घातला. मुलगा कामात होता. तो होडीतूनच ऑफिसचं काम करतो. म्हटलं, आपणच भात-आमटी करू. माझा बेळगावचा कुकर इंडक्शनवर ठेवला तर ते नुसतं कुईंकुईं करतंय. मुलगा आतून ओरडला, "लोहचुंबक लावून बघा!" लावला, चिकटला नाही. अॅल्युमिनियम चालत नाही. मग त्याचा स्टीलचा कुकर काढला, इंडक्शन पूर्ण मोठं केलं आणि चहासाठी किटलीही लावली. फटकन सगळं बंद. अंधार, आणि कुठूनतरी टीटी-टीटी असा आवाज. इन्व्हर्टर दोन हजार वॅटचा, मी ओढत होतो अठ्ठावीसशे.

पन्नास वर्षांनी मी पुन्हा अंधारात अर्धवट शिजलेलं पातेलं घेऊन उभा होतो. मुलगा टॉर्च घेऊन आला. रागावेल असं वाटलं. तो हसला आणि म्हणाला, "जेवलासा काय?" निपाणीच्या काकूंची गोष्ट त्याला लहानपणी मीच सांगितली होती. किती वर्षांनी आम्ही दोघं एकत्र हसलो, ते मोजत बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला हिशेब समजावला. घरात दोनशे तीस व्होल्टला हजार वॅटची वस्तू चार-साडेचार अँपिअर घेते. तीच वस्तू बारा व्होल्टच्या बॅटरीवर ऐंशी-नव्वद अँपिअर ओढते. म्हणून बॅटरीपासूनच्या तारा अंगठ्याएवढ्या जाड. हे कळल्यावर मात्र मी माझ्या मुलखात आलो. शंभर पानी वही आणली आणि खातं उघडलं. सकाळची ओपनिंग बॅलन्स. जमेला सूर्य. नावे चहा, भात, आमटी, फ्रीज, त्याचा लॅपटॉप. वीस टक्क्यांखाली जायचं नाही, हा मिनिमम बॅलन्स. दोन कप चहा म्हणजे पाच-सहा अँपिअर-अवर. ढगाळ दिवशी भाकऱ्या बंद, राईस कुकरात मऊ भात. ऊन पडलं की दुपारी बारा ते दोन सगळा स्वयंपाक उरकायचा, म्हणजे येणाऱ्या विजेतून खर्च भागतो, मुद्दलाला हात लागत नाही.

भाकरीचं सांगायलाच हवं. आपला तवा मध्ये खोलगट, इंडक्शनवर त्याचा काही उपयोग नाही. सपाट बिडाचा तवा घेतला. जाळ नाही, मग भाकरी फुगणार कशी? पाण्याची बाजू शेकल्यावर उलटायची आणि फडक्यानं कडा हलकेच दाबत फिरवायची. चौथ्या दिवशी फुगली. फोडणीनं मात्र रोज छळलं. मोहरी तडतडली की छतावरचा धुराचा अलार्म कोकलायचा. शेवटी वरचं झाकण सरकवून, खिडक्या उघडून, मगच हिंग-मोहरी. न उघडावं तर वाफ पोलादी भिंतींवर जमून डोक्यावर टपटपते. शेजारच्या होडीतल्या रिटायर्ड नर्सबाई, वय माझ्याएवढंच, वासानं बाहेर येऊन विचारायच्या, आज काय आहे? त्या एकट्या राहत, स्वतः होडी चालवत. मी त्यांना एकदा विचारलं, घर नाही का? त्यांनी होडीकडे बोट दाखवलं.

आमटीचा खर्च मला खुपत होता. शिट्टीपर्यंत पंधरा-सोळा, पुढे मंद आचेवर आणखी दहा-बारा. एका ढगाळ दुपारी बॅलन्स तीसवर आला होता आणि मला हिची पद्धत आठवली. डाळ भिजवली, एक शिट्टी काढली, बटण बंद केलं आणि आंघोळीचे दोन टॉवेल कुकरभोवती गुंडाळू लागलो. मुलगा बघत होता. म्हणाला, "टॉवेल कशाला? थांबा." त्यानं बाकाखालचा कप्पा उघडला आणि एक छोटी, गोल शिवलेली वाकळ बाहेर काढली. वर बंद, खाली नाडी. कुकरवर टोपीसारखी बसली.

त्यातले तुकडे मी ओळखले. हिची हिरवी इरकल, माझा जुना बँकेतला शर्ट, मुलाचा शाळेचा गणवेश. २०२० च्या पावसाळ्यात ही रोज दुपारी काहीतरी गोल शिवत बसलेली असायची. मी विचारलं होतं, कुणासाठी? म्हणाली होती, "आहे एका बाळासाठी." शेजाऱ्यांच्या सुनेचं असेल असं समजून मी पेपरात डोकं घातलं होतं.

मुलगा म्हणाला, "आईनं कुरियरनं पाठवली. होडी घेतल्यापासून दर रविवारी ती मला व्हिडिओवर सगळं दाखवायला लावायची. बॅटरी किती टक्के आहे हेसुद्धा विचारायची. वीज कमी पडते म्हटल्यावर तिनंच ही युक्ती सांगितली."

"मला का नाही सांगितलं?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ती म्हणायची, बाबांना वेळ लागेल. मावशीला, मामाला, सगळ्यांना तिनं सांगितलं होतं, बाबा. पोरगा होडीत राहतो, मजेत आहे म्हणून. तुम्ही पाण्याकाठचं घर सांगायचात तेव्हा कुणी तुम्हाला खोटं पाडायचं नाही, असं ती सगळ्यांना बजावून ठेवायची."

मी कुकरच्या वाकळीवर हात ठेवून बसलो. आतून ऊब लागत होती. पाऊण तासानं उघडलं तेव्हा डाळ शिजली होती. त्या दिवशीच्या पानावर आमटीपुढे सोळाच लिहिले आणि शेरा मारला, "बचत दहा, सौ. कडून."

त्या रात्री मी त्याला सॉरी म्हणालो. आमच्या पिढीतला बाप हा शब्द सहज उच्चारत नाही. तो म्हणाला, "असू दे हो बाबा," आणि ताटं विसळायला उठला. पाणीही मोजूनच वापरायचं असतं तिथे.

ऑगस्टअखेर परत आलो. तो अजून होडीतच राहतो. पुढेही राहील असं दिसतं, आणि डिसेंबरच्या थंडीत तिथे कसं होत असेल याची काळजी मला वाटतेच, ती खोटं कशाला सांगू. दर रविवारी आता मीच विचारतो, किती टक्के?

इथे बेळगावात माझ्याकडे दोन सिलिंडर आहेत, इन्व्हर्टर आहे, ओट्यावर प्लगच प्लग आहेत. तरी डाळ मी एका शिट्टीवरच करतो आणि जुन्या चादरीत गुंडाळतो. वाकळ होडीत राहिली, ती तिथलीच आहे.

परवा फिरायला गेलो असताना नव्यानं आमच्यात येऊ लागलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "मुलगा तिकडे असतो ना? घर वगैरे घेतलंय?"

म्हटलं, "होडीत राहतो. स्वयंपाकघर फार छान आहे."

जुनी मंडळी एकमेकांकडे बघून हसली. त्या सगळ्यांना आधीपासून माहीत होतं!

तुमच्याकडे कुणी कुकर गुंडाळून ठेवायचं का? कशात गुंडाळायचे, तेही लिहा.